पिस्तुलावरच्या दिव्याची पारख : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

काम ठरलं. रात्रपाळीच्या तुकडीकडे असलेल्या ९ मिमी पिस्तुलांवर दिवा बसवायचा की नाही, आणि बसवायचा तर कोणता, हे वर्ष संपायच्या आत सांगायचं आहे. आजवर पाळीवर प्रत्येकाच्या हातात टॉर्च असते आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये. दोन्ही एकदम हाताळायची वेळ आली की एका हाताने नेम धरा, नाहीतर हॅरिस पद्धतीने मनगटं एकमेकांवरून नेऊन दोन्ही हातांच्या पाठी टेकवा. चांगला सराव असलेल्याचीही पकड त्यात ढिली पडते. मागणी तिथून आली आहे आणि ती रास्त आहे.

मोजमापाला हात घालण्याआधी एक गोष्ट कागदावर आणतो. पिस्तुलाला जोडलेला दिवा जिकडे वळतो तिकडे नळी वळते. टॉर्च समजून तो कुणाच्या तोंडावर टाकला, तर त्या माणसावर पिस्तूल रोखलेलं असतं. आणि अंधारातून येणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी असतो. म्हणून झोत किती लांब जातो यावर माझी परीक्षा ठरणार नाही. नळी जमिनीकडे असतानाच समोरच्याचे दोन्ही हात आणि त्या हातांतली वस्तू ओळखू येते का, हा या कामाचा पहिला प्रश्न. बाकी सगळं त्याच्या मागून.

६ नोव्हेंबर

नमुने आले. तीन वेगळ्या जातीचे दिवे मुद्दाम मागवले होते. नोंदीत त्यांना अ, ब, क म्हणतो.

अ हा एका सेलवर चालणारा छोटा दिवा, नळीच्या तोंडापुढे जवळजवळ येतच नाही. ब दोन सेलचा, पसरट झोताचा. क पण दोन सेलचाच, पण खोल रिफ्लेक्टरचा, झोत अगदी बांधीव. खोक्यांवर आकडे आहेत. अ ५०० ल्यूमेन, ब १०००, क ६५० च्या आसपास. नुसत्या या आकड्यांवर निवड केली तर ब पहिला, क दुसरा, असा क्रम लागेल, आणि तो क्रम रस्त्याच्या टोकाशी उभं राहून पाहिलं तर चक्क उलटा होईल.

कारण ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो एका दिशेला किती एकवटला आहे हे कॅन्डेला सांगतो. बाजारातलीच उदाहरणं घेतली तर स्ट्रीमलाइटचा टीएलआर-१ एचएल १००० ल्यूमेनचा आहे आणि २०,००० कॅन्डेलाचा. शुअरफायरचा एक्स३०० टर्बो ६५० ल्यूमेनचा, पण ६६,००० कॅन्डेलाचा. प्रकाश कमी, तीव्रता तिपटीहून जास्त. कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागलं की त्या अंतरावर पडणारे लक्स, म्हणजे पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडणारा उजेड, मिळतात. २५ मीटरवर पहिला ३२ लक्स देतो आणि दुसरा १०५ च्या वर.

खोक्यावरचं 'बीम डिस्टन्स' वाचताना जपायला हवं. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकानुसार ते म्हणजे जिथे प्रकाश ०.२५ लक्सवर उतरतो ते अंतर, साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका. कॅन्डेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की तो आकडा निघतो, २०,००० कॅन्डेलाला सुमारे २८३ मीटर. चांदण्यात माणूस उभा आहे एवढं कळतं, त्याच्या हातात काय आहे ते कळत नाही. आमच्या कामासाठी तो आकडा बाजूला ठेवला.

९ नोव्हेंबर

रेलवर, म्हणजे नळीखाली फ्रेमवर असलेल्या खाचेच्या पट्टीवर, बसवणी. पिस्तूल रिकामं केलं, मॅगझिन काढलं, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. हे प्रत्येक वेळी, सेल बदलायचा असला तरी. दिवा चढवताना-उतरवताना बोटं नळीच्या तोंडाशी जातातच, तिथे सवलत नाही.

पिकाटिनी रेल, म्हणजे १९९५ साली ठरलेलं अमेरिकी लष्करी मानक एमआयएल-एसटीडी-१९१३, यात आडव्या खाचेची रुंदी ५.२३ मिमी असते. पिस्तुलांच्या फ्रेमवरच्या रेली मात्र सगळ्या त्या मापाच्या नसतात. आमच्या पिस्तुलाला एकच खाच आहे आणि ती अरुंद आहे. अ आणि ब सोबत वेगवेगळ्या खाचांसाठी बदलता येणारे तुकडे आले आहेत. योग्य तुकडा घातल्यावर दिवा पुढेमागे हलत नाही. चुकीचा घातला तरी स्क्रू आवळला जातो, आणि हाच धोका आहे, कारण बसल्यासारखा वाटतो पण तुकड्याची आडवी कळ खाचेत पूर्ण उतरलेली नसते. गोळीबाराच्या धक्क्यांनी तो सरकणार. तुकडीत दिवे वाटताना हा तुकडा शस्त्रागारातच बसवून द्यायचा, कुणाच्या हाती सुटा द्यायचा नाही.

स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचा की नाही यावर थोडा विचार केला. दिवा कायम पिस्तुलावर राहणार असेल तर हो. साफसफाईसाठी दर वेळी उतरवायचा असेल तर नको, त्याऐवजी स्क्रूच्या डोक्यापासून बॉडीपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. पाळीवर निघताना एका नजरेत कळतं.

अ मध्ये एक गोष्ट आवडली नाही. त्याचा सेल पुढच्या बाजूने, काचेची कडी फिरवून बदलावा लागतो. पिस्तुलावर असताना हे केलं तर हात थेट नळीसमोर. म्हणजे प्रत्येक सेलबदलाला दिवा उतरवणं सक्तीचं. ब आणि क मागून उघडतात.

१२ नोव्हेंबर

सेलचा हिशेब, थोडक्यात. तिन्ही दिवे सीआर१२३ए वर चालतात, ३ व्होल्टचा लिथियमचा एकदाच वापरायचा सेल. क्षमता साधारण १५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे वरवर साडेचार वॉट-तास. ५०० ल्यूमेनसाठी एलईडीला पाचेक वॉट लागतात असं धरलं आणि ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, तोटा मिळवला, तर पूर्ण तेजावर तासभरही निघणं कठीण. १००० ल्यूमेनला दोन सेल असले तरी खर्चही दुप्पट, तेव्हा वेळ तोच. मोठा दिवा जास्त वेळ चालेल ही समजूत तुकडीत अनेकांची आहे, ती आधी काढायला हवी.

खोक्यावरचा 'रनटाइम' सुरुवातीच्या तेजाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरायला लागणारा वेळ असतो. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं त्यात मिणमिणत काढलेली असू शकतात.

दोन सेलच्या दिव्यात एक जुना, एक नवा सेल कधीही घालायचा नाही. कमकुवत सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्यातून प्रवाह रेटत राहतो, त्यामुळे कमकुवत सेलचे धन-ऋण उलटे होऊन तो तापतो आणि फुटू शकतो. त्याच मापाचे रिचार्जेबल सेलही नकोत, ते पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातात, दोघांचे मिळून ८.४. सहा व्होल्टसाठी बनवलेल्या सर्किटला ते झेपेलच असं नाही. निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच.

१५ नोव्हेंबर

लक्समीटर ५ मीटरवर ठेवून झोताच्या मध्यावर वाचन घेतलं, आलेल्या आकड्याला २५ ने, म्हणजे अंतराच्या वर्गाने, गुणलं की कॅन्डेला मिळतात. दिवा लावल्यावर लगेच वाचलं नाही, अर्धा मिनिट थांबून मगच. मानकही तेच सांगतं, ३० सेकंद ते २ मिनिटं या दरम्यान मोजा. एलईडी तापला की प्रकाश थोडा उतरतो, पहिल्या क्षणाचं वाचन सगळ्यांनाच खूश करतं.

तिन्ही दिवे खोक्यावरच्या दाव्याच्या आसपास निघाले. फसवणूक कुणाचीच नाही. छताकडे तोंड करून बंद खोलीतलं वाचनही घेतलं, एकूण प्रकाशाची आपसांतली तुलना त्यातून बरी होते. तिथे ब सरळ पुढे, क आणि अ मध्ये फरक फारसा नाही.

१९ नोव्हेंबर, रात्र

या कामातला सर्वांत मोलाचा दिवस.

बंद गोदामात माणसाच्या उंचीचे पुठ्ठे उभे केले. प्रत्येकाच्या हातांच्या जागी वस्तूंची खऱ्या मापाची छायाचित्रं चिकटवली: मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा, पाकीट, पाना, सुरी, पिस्तूल, रिकामा पंजा. कुठल्या पुठ्ठ्यावर काय आहे हे फक्त माझ्या सहकाऱ्याला माहीत होतं, तो प्रत्येक फेरीत जागा बदलत होता. पिस्तुलाच्या जागी निळं प्रशिक्षण पिस्तूल, ज्यातून गोळी सुटूच शकत नाही, त्यावर दिवा. पाहणारे आळीपाळीने बदलले. सुरू करण्याआधी सगळे अर्धा तास अंधारात बसलो, डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि रात्रपाळीतला माणूस त्याच अवस्थेत असतो.

पहिली फेरी झोत थेट पुठ्ठ्यावर टाकून. गोदामाच्या आतल्या अंतरांवर तिन्ही दिव्यांनी सगळ्या वस्तू ओळखू आल्या. इथेच थांबलो असतो तर अ निवडून मोकळे झालो असतो, सगळ्यांत हलका म्हणून.

दुसरी फेरी नळी खाली ठेवून. पिस्तूल दोन्ही हातांत, नळी आपल्या पायांपुढे चार-पाच पावलांवर जमिनीकडे, दिवा चालू. जमिनीवरून परतलेल्या उजेडात पुठ्ठ्याचे हात वाचायचे. इथे चित्र बदललं. सिमेंटच्या फिकट जमिनीवर ब ने सगळी खोली उजळली. हात दिसले, किल्ली आणि सुरीतला फरक कळला, चेहराही कळला. अ ने जवळच्या पुठ्ठ्यांपर्यंत काम केलं, पलीकडच्यांना अंदाज बांधावा लागला. क ने जमिनीवर डोळे दिपवणारी एक थाळीएवढी चकती उमटवली. त्या चकतीकडे नजर ओढली जाते, बाहुली आकसते आणि समोरचा पुठ्ठा उलट जास्तच काळा दिसू लागतो. सर्वांत तीव्र दिवा या परीक्षेत सर्वांत मागे.

म्हणजे ल्यूमेनचा आकडा टाकाऊ नाही. परतणाऱ्या उजेडाला एकूण प्रकाशच लागतो, आणि तो पसरलेला लागतो. ज्या दिव्याने नळी खाली ठेवून माणूस ओळखता येतो, त्या दिव्याने कुणावर पिस्तूल रोखण्याची पाळी तितकी कमी येते. मला हाच निकष सगळ्यांत जवळचा वाटतो.

काळ्या रबरी चटईवर हीच फेरी घेतली तेव्हा ब सुद्धा निम्मा वाटला. गडद पृष्ठभाग उजेड गिळतो. तिथे जमिनीऐवजी भिंतीच्या तळाशी झोत टाकला तर बरं दिसतं, नळीची दिशा अजूनही सुरक्षित राहते. उलट पांढऱ्या अरुंद मार्गिकेत समोरच्या भिंतीवर ब टाकला की स्वतःच्याच डोळ्यांवर पांढरा पडदा येतो. चार मिनिटं काही धड दिसत नाही अशी तक्रार एकाने केली. हे शिकवावं लागेल: जवळच्या पांढऱ्या भिंतीवर सरळ झोत नको, कोन घ्या.

२४ नोव्हेंबर, रात्र

उघड्यावर. इथे क ची बाजू मांडायलाच हवी. दूर उभ्या गाडीचे हेडलाइट आपल्या दिशेने लावले आणि त्यांच्या शेजारी पुठ्ठा उभा केला. अ आणि ब चा उजेड त्या झगमगाटात विरून गेला, क ने हेडलाइटच्या शेजारच्या अंधारात घुसून पुठ्ठ्याचा हात दाखवला. गाडीच्या काळ्या फिल्म लावलेल्या काचेतूनही क नेच आतलं बसलेलं पुतळ्याचं डोकं दाखवलं. तीव्रता लागते ती इथे, समोर दुसरा प्रकाश किंवा अडथळा असताना.

धुक्याच्या यंत्राने धूर सोडला तेव्हा मात्र पसरट झोताचा ब धुरातच अडकला, सगळीकडे पांढरं. क चा बांधीव झोत जरा पुढे गेला, पण फार नाही. धुरात कुठल्याच दिव्यावर भरवसा ठेवू नये असं मी लिहून ठेवतो.

आमच्या तुकडीचं काम बहुतांशी इमारतीच्या आत आहे. फाटकावरच्या चौकीला लांबचं पाहावं लागतं, पण तिथे मोठी हातातली टॉर्च देता येते, आणि तशी टॉर्च कुणाच्याही अंगावर टाकता येते.

२८ नोव्हेंबर

बटणं. उजेडाइतकीच, कदाचित जास्त महत्त्वाची गोष्ट, आणि खोक्यावर तिच्याविषयी एक ओळसुद्धा नसते.

नियम आधी ठरवला: दिवा लावायचा तो आधार देणाऱ्या हाताच्या अंगठ्याने. ट्रिगरच्या बोटाने नाही, कधीच नाही. ट्रिगरचं बोट फ्रेमवर सरळ टेकून असतं, त्याला बटण दाबायची सवय लावली तर ताणाच्या क्षणी ते बोट काय दाबेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. याच कारणाने ट्रिगर गार्डच्या खाली पकडीवर येणारे दाबबटणाचे जोड मी यादीतून काढले. पकड घट्ट केली की दिवा लागतो, ही त्यांची खुबी सांगितली जाते. पण बोटं एकत्र आवळली जातात हा हाताचा स्वभाव आहे, एक बोट दाबताना शेजारचंही ओढलं जातं.

अ चं बटण बाजूला, आत दाबायचं. छोट्या हातांच्या लोकांनाही सहज पोचतं. ब चा खटका खाली दाबला की कायम लागतो, वर ढकलला की दाबून धरेपर्यंत. मोठ्या अंगठ्यांना ठीक, दोघीजणींना पकड सैल केल्याशिवाय पोचत नव्हतं. खटक्याची लांब पाती वेगळी मिळते, ती बसवून पाहिली, अडचण संपली. क मध्ये दोनदा पटकन दाबलं की चमकता झोत सुरू होतो. हा प्रकार बंद करता येतो आणि बंदच ठेवायला हवा. चमकत्या उजेडात समोरच्याची हालचाल तुटक दिसते, हात कुठून कुठे गेला ते निसटतं.

आमच्यातल्या डावखुऱ्याने तिन्ही हाताळले. दोन्ही बाजूंना बटण असलं तरी खटका एका बाजूला जोर लावून दाबावा लागतो आणि दुसऱ्या बाजूला बोटाने ओढावा लागतो, असं त्याचं म्हणणं. ब मध्ये तो फरक त्याला सर्वांत कमी जाणवला.

३ डिसेंबर

रेंज. फ्रेमच्या पुढच्या टोकाला शंभरेक ग्रॅम वजन लटकलं की पिस्तुलाचं वागणं बदलू शकतं. धक्का बसताना फ्रेम किती लवते, स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, किती वेगाने परतते आणि त्या वेळात मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वर आणते का, हा सगळा एकमेकांत गुंतलेला वेळेचा खेळ आहे. म्हणून पाळीवर वापरायची तीच काडतुसं, भरलेली आणि अर्धी भरलेली मॅगझिनं, नवी आणि जुनी स्प्रिंग, दोन हातांनी, एका हाताने, मुद्दाम सैल मनगटाने, असं सगळं करून पाहिलं. ब आणि अ सोबत अडखळणं नाही. एका जुन्या मॅगझिनने क सोबत काडतूस वर यायला उशीर केला, स्प्रिंग बदलल्यावर थांबलं. जुन्या स्प्रिंगा एरवीही काढायच्याच होत्या, ते काम आता लगेच करायचं.

गोळ्यांचा गट दिव्यासह आणि दिव्याशिवाय एकाच जागी पडला. नळीचं तोंड दुसऱ्या गोळीला लवकर खाली येतं हे सगळ्यांना जाणवलं, वजनाचा तो फायदा आहे.

काचेवर काजळी मात्र झपाट्याने चढते. सराव संपेपर्यंत झोताचा मध्य पिवळट आणि मळकट झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसलं की निघते. सरावाआधी काचेवर ग्रीजचा पातळ हात फिरवला तर काजळी त्यावर बसते आणि पुसताना सगळी एकदम उतरते, हे करून पाहिलं, चांगलं चालतं. काच पाळीआधी पुसलेली असावी, एवढं मात्र तपासयादीत आलंच पाहिजे.

७ डिसेंबर

होल्स्टर. मला इथे सर्वांत जास्त काळजी आहे.

दिवा असलेल्या पिस्तुलाचं होल्स्टर बहुधा ट्रिगर गार्डऐवजी दिव्यालाच पकडतं. त्यामुळे ते त्या एकाच दिव्यासाठी बनवलेलं असावं लागतं, 'याच्यातही बसतं' हे उत्तर चालत नाही. शिवाय दिवा पिस्तुलापेक्षा रुंद, म्हणून होल्स्टरचं तोंडही रुंद. पिस्तूल आत असताना ट्रिगरच्या बाजूला फट राहते. रिकाम्या पिस्तुलावर तपासलं: एका होल्स्टरमध्ये ब सह पिस्तूल पूर्ण बसलेलं असताना माझी करंगळी ट्रिगरपर्यंत सहज गेली. जॅकेटच्या दोरीची गाठही गेली. ते होल्स्टर त्याच क्षणी बाद. दुसऱ्या बनावटीत ट्रिगरभोवतीची भिंत वर उचललेली आहे, तिथे काही शिरत नाही. अ अरुंद असल्याने त्याच्या होल्स्टरांत ही अडचण कमी, हे त्याच्या बाजूने मोठं कारण आहे आणि मी ते हलकं लेखत नाही.

चालू दिवा होल्स्टरमध्ये घातला तर काय होतं तेही पाहिलं. घालताना खटका कडेला घासून कधीकधी चालू होतो. आत उजेड दिसत नाही, सेल संपतो, आणि दिव्याचं डोकं चांगलंच तापतं. होल्स्टरमध्ये घालण्याआधी बंद असल्याची खात्री, आणि घातल्यावर तोंडाशी उजेडाची रेघ दिसते का ते पाहणं, दोन्ही शिकवायचं.

१३ डिसेंबर

शिफारस लिहिली. इमारतीच्या आतल्या पाळीसाठी ब, लांब पातीच्या खटक्यासह, ट्रिगर झाकणाऱ्या होल्स्टरसोबत. होल्स्टर मिळेपर्यंत दिवे वाटू नयेत, हे वाक्य मी जाड अक्षरात टाकलं आहे. क घेऊ नये. अ राखीव पर्याय, ज्यांच्या हाताला ब जड होतो त्यांच्यासाठी, सेलबदल शस्त्रागारातच होईल या अटीवर.

हातातली टॉर्च प्रत्येकाकडे राहणार. शोधायला, रस्ता पाहायला, कागदपत्रं वाचायला, कुणाला हाक मारून थांबवायला टॉर्चच. पिस्तुलावरचा दिवा पिस्तूल काढणं भाग पडल्यावर. प्रशिक्षणाचा पहिला धडा नळी खाली ठेवून पुठ्ठ्यांचे हात ओळखण्याचा असेल, गोळीबार त्यानंतर. हा क्रम बदलू नये अशी विनंती प्रमुखांना समक्ष भेटून केली. त्यांनी पुठ्ठे पाहायला मागितले, दिवे मालवून स्वतः ब घेऊन उभे राहिले आणि क्रम मान्य केला.

१७ डिसेंबर

सेल दर तीन महिन्यांनी बदलायचे, वापरले असोत वा नसोत, आणि जोडी नेहमी एकाच पाकिटातली. काढलेले सेल सरावाच्या दिव्यांसाठी, जोडीनेच. डबीवर तारीख घालायची.

डावखुऱ्यांच्या होल्स्टरची मागणी वेगळी पाठवली आहे. ती आली की ट्रिगरपाशी फट पुन्हा करंगळीने आणि दोरीच्या गाठीने तपासायची, उजव्या हाताच्या नमुन्यावर विसंबायचं नाही. जुन्या मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलून झाल्या.